न गेलेल्या लग्नाचा घाम

माझा कलंकांक नऊ आला. शंभरपैकी नऊ. इचलकरंजीतल्या बासष्ट जणांत सगळ्यात कमी माझा, आणि पाच देशांतल्या पाच शहरांत सगळ्यात कमी इचलकरंजीचा. म्हणजे पुरुष असून पुरुषावर प्रेम करणाऱ्यांत, कागदावर तरी, जगातला सगळ्यात सुखी माणूस मी. शैलेंद्र मुरगुंडे, वय एक्केचाळीस. बारा वर्षं एअरजेट लूमवर कापड विणलं, गेली तीन वर्षं या अभ्यासाचा फील्डवर्कर.

पुण्याहून डॉक्टर शर्वाणी खरे पडद्यावर आल्या होत्या. अभ्यासाच्या प्रमुख त्या. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता.

"नैरोबी त्रेसष्ट, लीमा बावन्न, रॉटरडॅम एक्केचाळीस, मनिला अठ्ठावीस. आणि तुमचं इचलकरंजी चौदा! चौदा, शैलेंद्र!"

"मॅडम, मशीन बिघडलंय."

"पट्ट्या तीनदा तपासल्यात."

"मग आम्ही बिघडलोय."

त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

कलंक मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं, ते आधी सांगतो. वर्षानुवर्षं शास्त्रज्ञ हे काम कागदावर प्रश्न विचारून करत आले. गेल्या वर्षात तुम्हाला कुणी हिणवलं का? कधीच नाही, क्वचित, अनेकदा. घोळ असा की प्रत्येक गावचा माणूस वेगळ्या मापानं उत्तर देतो. रॉटरडॅमचा माणूस ट्राममध्ये कुणी वाकडं बघितलं तरी 'अनेकदा'वर खूण करतो. आमच्याकडं, सख्ख्या भावानं पाइपानं फोडून काढलेला माणूस 'क्वचित' म्हणतो आणि वर मलाच समजावतो, "घरातलंच माणूस हाय, त्याला कशाला धरायचं?" आता या दोघांची तुलना करायची कशी? म्हणून ठरलं, माणसाला विचारायचंच नाही. त्याच्या शरीराला विचारायचं. शरीराला मातृभाषा नसते, असं त्यांचं म्हणणं.

दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवायची एक पट्टी, पोस्टाच्या तिकिटाएवढी. धोका जाणवला की घामातलं कॉर्टिसॉल वाढतं, कातडीतून वीज सहज वाहायला लागते, हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या अंतराची लय बदलते. पट्टी हे दर मिनिटाला टिपते. तुम्ही त्या वेळी कुठं होता आणि जवळ कुणाचा फोन होता हे तुमचा फोन सांगतो. ऊन, ताप, जिना, चहा यांचा भाग वजा होतो. नव्वद दिवसांत तुमच्या आयुष्याचा नकाशा तयार. कुठल्या जागी, कुठल्या माणसाशेजारी तुमचं शरीर आतून पेटतं ते त्यात दिसतं. त्यावरून जो आकडा निघतो तो कलंकांक.

मला हे पटलं होतं, खोटं कशाला बोलू? आमचं बोलणं कुणी ऐकत नाही, घाम तरी ऐकतील असं वाटलं. मीच दारोदार हिंडून माझ्यासकट बासष्ट जण जमवले. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमधले कामगार, रिक्षावाले, एक शाळामास्तर, एक मंडपवाला, बायकापोरं असलेले सातआठ जण. सगळ्यांना एकच सांगितलं, खरं बाहेर येऊ दे एकदा.

आणि बाहेर आलं चौदा.

दोन दिवसांत पेपरात छापून आलं, 'वस्त्रनगरीनं जगाला शिकवली सहिष्णुता.' गौसनं ती बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली. गौस लूमचा जॉबर आहे, बंद पडलेली मशीन चालू करतो. नऊ वर्षं आम्ही एका छताखाली राहतो. घरमालकाच्या लेखी तो माझा भाडं वाटून घेणारा पार्टनर.

"काय नऊ मार्कवाले," गौस म्हणाला, "जगात पहिला आलास की रे. सत्कार कधी?"

"तुझे बारा आलेत. तू तिसरा."

"मग मला शाल तरी."

हसून झाल्यावर तो म्हणाला, "पण शैलू, हे बरोबर न्हाई वाटत." काय बरोबर नाही ते त्यालाही सांगता येईना, मलाही.

---

ते मला अक्काच्या घरी कळलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तिनंच मला वाढवलं. चौदा वर्षांपूर्वी मी तिला माझं सगळं सांगितलं. तिनं खाली बघत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. जेवून जा." शिवी नाही, रडारड नाही. मी पोटभर जेवून आलो आणि आठवडाभर हवेत होतो. पंधरवड्यानं चुलत बहिणीचा साखरपुडा होता. अक्काचा फोन आला. "तुला त्यादिवशी शिफ्ट असंल न्हवं?" मला शिफ्ट नव्हती. मी म्हटलं, "हो, आहे." दुसऱ्या दिवशी तिनं जिलेबीचा डबा पाठवला.

तेव्हापासून हेच चाललंय. घरात कार्य निघालं की मला शिफ्ट. कार्य झालं की मला डबा. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, वास्तुशांती, सगळ्यांची चव मला माहीत आहे, एकाचंही घर मी आतून बघितलेलं नाही.

त्या संध्याकाळी अक्काकडं गेलो तर दारातच दाजी भेटले, अक्काचा नवरा. हातात तोच पेपर.

"ये की, जगज्जेत्या! माझी साखर दोनशे चाळीस आणि तुझा कलंक नऊ. सांग आता, सुखी कोण?" त्यांनी पाठीवर थाप मारली. "उगं टीव्हीवर तुमची लोकं ओरडत असतात. त्रास त्रास. अरे तुझ्याच मशीननं सांगितलं की, त्रासच न्हाई!"

"तसं न्हवं दाजी..."

"मशीन खोटं बोलतंय व्हय?"

आत अक्का रुखवताच्या बरण्यांवर लेस चिकटवत बसली होती. माझ्या भाचीचं, ईश्वरीचं लग्न ठरलं होतं. मुलगा निपाणीचा, माणसं बरी.

"अक्षता सव्वीसला, बारा पस्तीसचा मुहूर्त," अक्का मान वर न करता म्हणाली. "मामा म्हणून रेंदाळच्या सुरेशला सांगितलंय."

सुरेश आमचा चुलत भाऊ. आमच्याकडं लग्नात मुलीला बोहल्यावर आणायचं काम मामाचं. माईकवरून पुकारा होतो, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मग तो तिचा हात धरून शेकडो माणसांतून तिला चालवत आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. ईश्वरीला सख्खा मामा एकच. मी.

अक्कानं लेस दातानं तोडली. "तुला काय, शिफ्ट असणारच की त्यादिवशी."

लूम सोडून मला तीन वर्षं झाली होती, हे तिला माहीत होतं. मला कशाची शिफ्ट?

"हो," मी म्हटलं. "शिफ्ट आहे."

बाहेर आलो आणि सवयीनं फोन बघितला. नव्वद दिवस संपले तरी आम्हा फील्डवर्करांच्या पट्ट्या चालूच होत्या. पट्टीचा आलेख पडद्यावर होता. सहा वाजून दहा मिनिटांनी, अक्कानं 'मामा' म्हटलं तेव्हा, रेघ ताडकन वर गेली होती. सहा अकराला मी खोटं बोललो. सहा बाराला रेघ खाली. गुळगुळीत, हिरवी. खाली मशीननं लिहिलं होतं, 'छान! तुम्ही तणाव उत्तम हाताळलात.'

गाडीला किक मारायला विसरून मी तिथंच उभा राहिलो.

---

पुढचे आठ दिवस मी वही घेऊन बाकीच्या एकसष्ट जणांकडं फिरलो. अभ्यासात नसलेला एकच प्रश्न विचारला. या नव्वद दिवसांत तुमच्या घरच्यांत किती कार्यं झाली आणि तुम्ही किती गाठली?

दोनशे सात कार्यं. गाठलेली एकवीस.

शाळामास्तरांना दरवेळी पेपर तपासायचे असतात. रिक्षावाल्याला नेमकं तेव्हाच लांबचं भाडं लागतं. सायझिंगवाल्यांना माझ्यासारखी शिफ्ट. मंडपवाला बंडू म्हणाला, "मी तर प्रत्येक लग्नात असतो की दादा! सख्ख्या भावाचा मंडप मीच घातला. झालरी लावल्या, खुर्च्या मांडल्या आणि मागच्या दारानं गोदामात गेलो. अक्षता पडल्याचं फटाक्यांवरनं कळलं." आणि हसला. त्याचा कलंकांक अकरा.

आता दोन माणसं शेजारी उभी करा. रॉटरडॅमचा माणूस आपल्या जोडीदाराचा हात धरून मावशीच्या वाढदिवसाला जातो. एक काका तोंड फिरवतो. ह्याचं काळीज धडधडतं, घाम फुटतो, पट्टी टिपते, एक्केचाळीस. आमचा माणूस मावशीच्या दारात जातच नाही. काका तोंड फिरवणार कुणाकडं बघून? धडधड नाही, घाम नाही, चौदा. जो घरात शिरला तो दुःखी ठरला आणि ज्याला घरच उरलं नाही तो सुखी. बायल्या म्हणून हाक मारायला आम्ही कुणाच्या समोरच येत नाही. आमचा बंदोबस्त इतका पक्का आहे की आता अपमान करायचे कष्टही कुणाला पडत नाहीत. ते काम आम्हीच घरी आणलंय, बिनपगारी.

न गेलेल्या लग्नाचा घाम येत नाही. मशीनला ते कसं कळणार?

वहीची पानं मी डॉक्टर खऱ्यांना पाठवली आणि फोन केला. त्यांनी सगळं वाचलं होतं. बाई खोटी नाही, हे मी आधीच सांगतो.

"तुमचा मुद्दा कळतो मला," त्या म्हणाल्या. "पण जे घडलंच नाही ते पट्टी कशी टिपेल? आणि शैलेंद्र, अडचण त्याहून मोठी आहे. 'सांभाळ' पुढच्या महिन्यात येतंय."

"ते काय?"

"सल्ला देणारं ॲप. पट्टी बांधलेल्या माणसाला त्या-त्या क्षणी सांगणार, काय केलं की ताण उतरेल. पाचही शहरांत, मग इतर देशांत. ते शिकवायला आदर्श म्हणून आम्ही सगळ्यात कमी आकडा असलेला गट घेतला."

"म्हणजे आम्ही?"

"तुम्ही. खासकरून तुम्ही स्वतः."

"मॅडम, म्हणजे उद्या रॉटरडॅमचा पोरगा मावशीकडं निघाला की त्याचा फोन त्याला सांगणार, जाऊ नकोस, शिफ्ट आहे म्हणून सांग?"

"शब्द वेगळे असतील."

"शब्द गेले खड्ड्यात! तिकडच्या लोकांनी मार खाऊन, भांडून दारं उघडली आणि तुम्ही त्यांना आमच्याकडचं पळायचं शिक्षण देणार? औषध म्हणून?"

त्यांनी ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाल्या, "माझ्याकडं तुमच्या गावातून अशी एकही नोंद नाही, की माणूस अशा जागी गेला, आकडा चढला आणि तरी तो थांबला. पुढं शरीराचं काय होतं हे 'सांभाळ'मागच्या मॉडेलनं बघितलेलंच नाही. त्याला एवढंच माहीत आहे, बाहेर पडलं की उतरतो."

"एक नोंद मिळाली तर?"

"एकानं काही सिद्ध होत नाही. पण तुमची वही आणि ती नोंद मिळून, थांबा म्हणायला मला कारण मिळेल."

"तुमच्या नोंदीसाठी मी भाचीच्या लग्नात नाचायला जाणार नाही."

"मी तसं म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. खरंच म्हटलं नव्हतं.

---

ईश्वरी आमच्या अभ्यासाच्या केंद्रात आली ती हातात पत्रिका घेऊन. स्कूटर बाहेर लावली, खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली.

"मामा, सुरेशमामाला मी जन्मात चारदा बघितलंय. त्याला मी कितवी शिकले तेसुद्धा माहीत नाही."

"माणूस चांगला आहे."

"असेल. मला सायकल कुणी शिकवली? दहावीला गणित कुणी घेतलं? मम्मी मला मारायला धावली की मी कुणाच्या मागं लपत होते?"

मी पत्रिकेवरचा गणपती बघत बसलो.

"तुझी शिफ्ट कुठल्या लूमवर असते रे?" ती म्हणाली. "मला आठवीत असताना कळलंय सगळं. गौसमामाबद्दल पण."

'गौसमामा' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"हे बघ, यायचं नसेल तर नको येऊस. पण शिफ्टचं सांगू नकोस. तोंडावर सांग, ईशू, मला भीती वाटते. मी समजून घेईन. खोटं बोललास तर मात्र नाही."

ती उठली, पत्रिका टेबलावर सरळ करून ठेवली आणि गेली.

त्याच संध्याकाळी मी अक्काकडं गेलो.

"अक्का, मामा मी हाय."

ती पाट्यावरची हळद गोळा करत होती. हात थांबला. "काय बोलालास?"

"सुरेश न्हाई. मी आणणार ईशूला."

"शैलू, चौदा वर्षांत कुणी काय म्हटलंय का तुला? एक शब्द?"

"न्हाई."

"मग?"

"म्हणायला मी होतो कुठं, अक्का?"

तिचा आवाज चढला. "निपाणीची माणसं हायत. त्यांची म्हातारी सगळ्यांसमोर विचारणार, मामी कुठाय? मी काय सांगू?"

"जे हाय ते."

"आणि लग्न मोडलं तर? बोहल्यावरनं पोरगा उठला तर? तुझ्या हौसंसाठी माझी पोरगी डावावर लावालास तू!"

तिची भीती खोटी नव्हती. अशी लग्नं मोडलेली मी ऐकली आहेत.

"हौस न्हवं गं," मी एवढंच म्हणू शकलो. "मला मेल्यासारखं वाटतंय. तू जिवंत असताना."

तिनं डोळ्याला पदर लावला, हळदीच्या हातानं, आणि डोळा झोंबला म्हणून माझ्यावरच ओरडली. मग म्हणाली, "ये. पण मागं बस. मामा सुरेशच."

गौसला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "तू पण चल." तो स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं नख साफ करत म्हणाला, "मला पत्रिका कुठाय? आधी तू जाऊन ये, नऊ मार्कवाल्या."

---

सव्वीसला मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. पट्टी काढून ठेवावी असं दोनदा मनात आलं. मग बंडू मंडपवाला आठवला आणि राहू दिली. 'सांभाळ'ची चाचणीची आवृत्ती आम्हा फील्डवर्करांच्या फोनवर आधीच आली होती.

मंगल कार्यालयाच्या पायरीवर फोनवरचा त्या क्षणाचा आकडा चौतीस होता. सभागृहात सातशे-आठशे माणसं. शेवटून दुसऱ्या ओळीत बसलो. चौदा वर्षांत न भेटलेली नात्यातली माणसं वळून वळून बघायला लागली. एका मामेभावानं हात केला, त्याच्या बायकोनं त्याचा हात खाली ओढला. अठ्ठेचाळीस. फोन थरथरला. 'तुम्ही तणावाच्या ठिकाणी आहात. बाहेरचं दार तुमच्यापासून वीस पावलांवर आहे.'

बारा पंचवीसला माईकवर भटजी म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन बोहल्यावर यावं."

पुढच्या ओळीतून फेटा बांधलेला सुरेश उठला आणि वधूच्या खोलीकडं गेला. एकसष्ट. मी उठलो. खरं सांगतो, मी खोलीकडं नाही, दाराकडं निघालो. पाय आपोआप तिकडं वळले, चौदा वर्षांची सवय. पाच पावलं, बावन्न. दहा पावलं, चव्वेचाळीस. इतकं बरं वाटत होतं की बस्स. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. दारापाशी पोचलो तेव्हा पडदा हिरवा झाला होता.

मागं माईकवर पुन्हा पुकारा झाला. "मुलीच्या मामांनी लवकर यावं, मुहूर्त जवळ आलाय."

ईश्वरी बाहेर आली नव्हती. लोक कुजबुजायला लागले. दाजी घाम पुसत खोलीकडं पळाले.

मी त्या हिरव्या पडद्याकडं बघितलं. हा हिरवा रंग कशाचा, हे जगात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि तीस पावलांवर एक पोरगी खोलीत अडून बसली होती, माझ्या जिवावर. मी वळलो.

खोलीच्या दारात सुरेश कमरेवर हात ठेवून उभा. "ती यायला तयार न्हाई माझ्याबरोबर. काय करायचं?" मला बघितलं आणि त्यानं डोक्यावरचा फेटा उचलून सरळ माझ्या डोक्यावर ठेवला. "बरं झालं आलास. कानाला लई रुतालता. जा, ने तिला. सात मिनिटं ऱ्हायलीत."

ईश्वरीनं हात पुढं केला, एवढंच.

ते अंतर किती होतं कोण जाणे. फोन खिशात सारखा थरथरत होता. कुणीतरी "अगं, हा तो न्हवं..." असं म्हणालं. कुणीतरी हसलं. मागून एक शिवीही आली, स्पष्ट, ओळखीच्या आवाजात. चौदा वर्षं जे हवेत होतं ते पहिल्यांदा कानावर पडलं. ईश्वरीनं माझी बोटं आवळली आणि आम्ही चालत राहिलो.

बोहल्यावर चढलो तर नवऱ्या मुलाची आजी पुढं सरसावली. ठेंगणी, खणखणीत म्हातारी.

"मामा तर तो मघाचा फेटेवाला होता की. हा कोण?"

अक्का शेजारीच उभी होती. पांढरीफटक. "माझा भाऊ. पाठचा."

"सख्खा?"

"सख्खा."

"मग मामी कुठाय? बोलवा की तिला, जोडीनं उभी करा."

आजूबाजूचं सगळं थांबलं. भटजींच्या हातातला अंतरपाट तसाच. मी तोंड उघडलं, पण अक्का आधी बोलली. आवाज फाटका, पण माईकशेजारी असल्यामुळं लांबपर्यंत गेला.

"मामी न्हाई. गौस म्हणून एकजण हाय, नऊ वर्षं दोघं एकत्र ऱ्हात्यात. त्याला पत्रिका द्यायची माझ्याकडनं ऱ्हायली. चूक माझी."

म्हातारीनं अक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं, पायापासून फेट्यापर्यंत. तिच्या मनात काय चाललंय ते कळायला कुठलीही पट्टी नव्हती. मग ती नातवाकडं वळली. नवरा मुलगा ईश्वरीकडं बघत होता, मान खाली न घालता. भटजी घड्याळ बघून म्हणाले, "बारा तेहतीस."

"धरा मग अंतरपाट," म्हातारी म्हणाली. "मुहूर्त काय थांबतोय व्हय?"

लग्न लागलं. त्यानंतर चार दिवसांनी डॉक्टर खऱ्यांचा फोन आला. त्र्याऐंशी. मंगलाष्टकं संपेपर्यंत आकडा त्र्याऐंशीवरून एकानंही उतरला नव्हता. मला वाटलं होतं, थांबलं की शरीर हळूहळू शांत होतं असं काहीतरी सुंदर निघेल. तसं निघालं नाही.

"तुमचा कलंकांक आता अडतीस होतो," त्या म्हणाल्या. "मॉडेलच्या दृष्टीनं तुमचं आयुष्य चौपट बिघडलं."

"लिहा अडतीस. आणि खाली लिहा, माणूस जागेवर होता."

त्यांनी तसं लिहिलं. 'सांभाळ' दोन महिने पुढं ढकललंय. दोनच महिने, त्यापुढचं माहीत नाही. वहीतलं खरं आहे म्हणून बंडूनं खाली सही केली, मास्तरांनी अजून केलेली नाही.

पण ते नंतरचं. अक्षता पडत होत्या तेव्हा मी ईश्वरीच्या पाठीशी उभा होतो आणि समोर पहिल्या ओळीतून नवऱ्या मुलाचा काका उठला. बायकोला उठवलं, दोन्ही सुनांना उठवलं आणि सगळ्यांच्या देखत, न जेवता, मधल्या वाटेनं निघून गेला. अक्कानं ते बघितलं. मला वाटलं, आता ती बाजूला होईल. तिनं माझ्या पाठीवर हात टेकला आणि ठेवला. काका दारातून बाहेर पडला तरी ठेवला. तिच्या दंडावर पट्टी नव्हती, तिचा आकडा कुणालाच कधी कळणार नाही. मंगलाष्टकं संपली तेव्हा माझा सदरा पाठीवर तिच्या तळव्याएवढा भिजला होता.